वाचून दाखवणारी कमलआत्या

आमच्या घराण्यात कुणालाच मनातल्या मनात वाचता येत नाही. डोळे ओळीवर गेले की ओठ हलतात, ओठ हलले की आवाज निघतो, आणि आवाज निघाला की तो आपोआप वर-खाली व्हायला लागतो. मी ऑफिसात एखादी फाईल वाचत असलो की शेजारच्या टेबलावरची मंडळी हातातलं काम ठेवून ऐकतात. एकदा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "तुम्ही त्या अर्जदारावर एवढे का चिडला होता?" मी चिडलो नव्हतो. अर्जदारच अर्जात चिडलेला होता, मी फक्त त्याला वाचत होतो. हे साहेबांना समजावून सांगणं मला जमलं नाही. या सगळ्याचं खापर कमलआत्याच्या माथी फोडायला हवं. ती आता भांडायला येणार नाही, म्हणून ही हिंमत.

कमलआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचं मूळ घर वेरूळच्या अलीकडं एका खेड्यात, शेतीवाल्यांचं. त्या घरातून ती शिकली, मास्तरीण झाली, लग्न होऊन शहराच्या वेशीवरच्या पडेगावला आली आणि दौलताबादच्या रस्त्यावरच्या एका शाळेत नोकरी संपेपर्यंत तिसरी-चौथीला मराठी शिकवत राहिली. तिचे यजमान, आमचे तात्या, शहरातल्या बाजारात, गुलमंडीवर, कापडाच्या दुकानात गादीवर बसायचे. दुकान त्यांचं नव्हतं, पण गिऱ्हाईक त्यांचं होतं. बोलणं फार कमी. कापड उलगडायचं, बाईंच्या पुढं सरकवायचं, भाव सांगायचा आणि गप्प बसायचं. बायका म्हणे त्या गप्प बसण्यालाच भुलायच्या.

त्यांना मूलबाळ नव्हतं. म्हणून सातवी झाल्यावर मला शिकायला त्यांच्याकडं पाठवण्यात आलं. माझ्या वडिलांना वाटलं, पोरगं शहरात राहील, चार शहाण्या गोष्टी शिकेल. आत्याला वाटलं, वर्ग आता घरीच आला.

पहिल्याच संध्याकाळी तिनं माझ्या हातात वर्तमानपत्र दिलं आणि म्हणाली, "वाच."

मी वाचलं. गावाकडच्या शाळेत आम्ही जसे वाचायचो तसं. सगळे शब्द एका दमात, एका उंचीवर, शेवटी दम संपला की थांबायचं.

आत्या ऐकत राहिली. मग तिनं तात्यांकडं बघितलं. तात्या कोपऱ्यात जेवत होते. "ऐकलंत का?"

"हं," तात्या म्हणाले.

"वाचायलास का खडी फोडायलास रं?" आत्या मला म्हणाली. "त्या बातमीत एक बाई विहिरीत पडलीय, तिला लोकांनी वर काढलंय, ती जिती हाय. आन् तू असं वाचतूस जसं कायी रेशनचं दुकान किती वाजता उघडतं ते सांगायलास."

शाळेत आत्या अगदी पुस्तकी, शुद्ध बोलायची. घराच्या उंबऱ्यात पाय ठेवला की चप्पल काढावी तशी ती भाषा बाहेर काढून ठेवायची आणि आमच्याकडची घालायची. वाचताना मात्र तिच्याकडं दोन्ही असायच्या, शिवाय आणखी कितीतरी.

त्या दिवसापासून माझी तालीम सुरू झाली. तालमीसाठी तिला पुस्तक लागत नसे. एक वाक्य पुरायचं. "भाकरी झाली." हे वाक्य म्हणायचं. पहिल्यांदा आईनं पोराला म्हटल्यासारखं. मग नवऱ्याशी भांडण झालेल्या बाईनं म्हटल्यासारखं. मग घरात पीठ नाही हे माहीत असलेल्या पोरानं अचानक वास आल्यावर म्हटल्यासारखं. मग पाहुणे उठायचं नाव घेत नाहीत म्हणून. मी म्हणायचो, ती मान हलवायची. भांडणातली भाकरी मला कधीच जमली नाही. माझं लग्न व्हायचं होतं, हेही एक कारण असेल. "तुजी बायको रुसलेली नसून तिचा दात दुखायलाय," आत्या म्हणायची, आणि मग स्वतः म्हणून दाखवायची. शब्द दोनच. पण ते कानावर आल्यावर जेवायला बसायची छाती व्हायची नाही. कोपऱ्यात तात्यांचा घास हातातच राहायचा. "मला नाही ना?" असं त्यांच्या चेहऱ्यावर यायचं.

तिच्या काही ठाम समजुती होत्या. ती बसून कधी वाचत नसे. बसलं की आवाज मांडीत पडतो, म्हणायची. खिडकीला पाठ करून उभी राहायची, आधी घोटभर पाणी प्यायची, चष्मा नाकावर खाली ओढायची आणि ऐकणाऱ्याकडं एकदा बघून घ्यायची. स्वल्पविराम ही दम खायची जागा आहे असं मी शिकून आलो होतो. तिनं ते खोडून काढलं. "दम कुठं बी खा. तिथं थांबायचं ते ऐकणाऱ्यासाठी. पुढं काय असंल ते त्याला वाटू दे की जरा." आणि उद्गारचिन्हाचा तिला फार राग. चिन्ह आलं की आम्ही पोरं ओरडायचो. "ते चिन्ह बघून वरडायलास. चिन्ह नसतं तर वरडला असतास का? मग गप सांग."

ही गप्प सांगायची विद्या तिची स्वतःची नव्हती. ती रझियाखालाची. रझियाखाला शेजारच्या घरात राहायची, उर्दू शाळेत शिकवायची, आणि दुपारी शाळा सुटली की दोघी आमच्या ओट्यावर चहा घेऊन बसायच्या. आत्या तिला मराठी गोष्टी वाचून दाखवायची, ती आत्याला उर्दू. आत्याला तेव्हा जोरकस वाचनाची हौस होती. दुःखाच्या जागी ती असा आवाज चढवायची की समोरच्या रस्त्यावरचा माणूस थबकायचा. खाला एके दिवशी चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "कमल, तू पढ री क्या डांट री?"

आत्या थांबली. "का गं? मेलाय की त्यो गोष्टीत."

"हौ, मर गया. वो तो पहलेच मर गया, अब तू उसकू कायकू मार री?" मग खालानं स्वतः तीच ओळ वाचली. तिला मराठी अक्षरं लावायला वेळ लागत होता, 'ळ' तिच्या तोंडात कधी बसलाच नाही, पण ती ओळ तिनं इतक्या खालच्या आवाजात वाचली की आम्ही पुढं वाकलो. "बडी बात है ना, उसकू हल्लू बोलनेका. सामनेवाला खुद आता नजदीक."

आत्याला कुणी चूक दाखवली की ती आधी भांडायची आणि मग दुसऱ्या दिवसापासून गुपचूप तसंच करायची. दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गात तिनं म्हणे तास सुरू झाल्यावर पोरांना गप्प बसवलंच नाही. ती हल्लू आवाजात गोष्ट वाचायला लागली. मागच्या बाकावरच्या दांडगोबांनीच पुढच्यांना "ए गप बसा रे" म्हणून दटावलं. हे तिनं घरी येऊन तात्यांना सांगितलं, तात्या "हं" म्हणाले, आणि खालाला मात्र कधीच सांगितलं नाही.

सगळ्यात जास्त रंगायची ती लग्नपत्रिका वाचताना. आमच्याकडं लग्नसराईत पत्रिकांचा ढीग पडायचा. बाकीची घरं तारीख आणि कार्यालय बघून पत्रिका खुंटीला अडकवतात. आत्या ती उभी राहून, पाणी पिऊन, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची. वर देवाचं नाव भारदस्त. मग वराच्या शिक्षणाच्या पदव्या जराशा संशयानं. मग निमंत्रकांची लांबलचक रांग. आणि त्या रांगेत कुणाचं नाव कुणानंतर आलंय यावरून तिचा आवाज असा काही वळायचा की त्या घरात काय धुमसतंय ते आम्हाला कळायचं. "आन् हे बघा, मधले चुलते कुठं आले... पार खाली, मामाच्या बी मागं," असं ती बोलायची नाही. नुसतं नाव वाचायची, जराशी थांबून. तात्या जेवता जेवता म्हणायचे, "जमीन वाटून झाली वाटतं." शेवटी ते बाळगोपाळांचं आमंत्रण असतं ना, आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं, ते ती खरोखर लहान पोराच्या आवाजात वाचायची. पन्नाशीची बाई. आणि ते वाचून झालं की लग्नाला जावंच लागायचं. पोरानं बोलावलंय, नाही कसं म्हणणार.

या कलेचा एकदा घोटाळाही झाला. पडेगावच्या त्यांच्या सोसायटीची वार्षिक सभा होती. पहिला विषय नेहमीचा: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. हे वाचन म्हणजे सचिवांनी पुटपुटायचं, लोकांनी जांभया द्यायच्या आणि सगळ्यांनी हात वर करायचे. त्या वर्षी सचिवांचा घसा बसला होता. ते म्हणाले, "बाई, तुमचा आवाज चांगला आहे, तेवढं वाचून टाका." मी तेव्हा कॉलेजात होतो आणि सभेनंतरच्या कचोरीसाठी गेलो होतो. आत्या उठून उभी राहिली, तेव्हाच मला बाहेर पडावंसं वाटलं.

इतिवृत्तात लिहिलं होतं, "श्री. सोनवणे यांनी पाण्याच्या टाकीबाबत विचारणा केली. त्यावर अध्यक्षांनी समाधानकारक खुलासा केला." बस. एवढंच. पण मागच्या सभेला आत्या हजर होती, आणि सोनवणेंची विचारणा कशी होती ते तिच्या कानात होतं. तिनं 'विचारणा केली' हे असं वाचलं की सभेतल्या प्रत्येकाला सोनवणेंची वर उचललेली चप्पल आठवली. आणि 'समाधानकारक' या शब्दावर ती नुसती रेंगाळली. काही म्हणजे काही जास्तीचं बोलली नाही.

सोनवणे उठले. "बघा, बाईंना बी पटलेलं नाय. मी तवाच म्हणलं होतं."

अध्यक्ष उठले. "बाई, तुम्ही फक्त लिहिलेलं वाचा."

"लिहिलेलंच वाचलं की," आत्या म्हणाली, आणि खरोखर भाबडेपणानं कागद त्यांच्यापुढं धरला. "बघा, एक अक्षर इकडचं तिकडं नाय."

वर्षापूर्वी विझलेलं टाकीचं भांडण नव्यानं पेटलं. इतिवृत्त कायम झालं नाही. कचोऱ्या गार झाल्या. घरी जाताना आत्या मला विचारत होती, "पण मी केलं काय?" तिला खरंच कळलं नव्हतं. कागदावर झोपलेला माणूस दिसला की त्याला हलवून उठवायचं, एवढंच तिला येत होतं. कुणाला झोपू द्यावं, हे नाही.

नंतर मला नोकरी लागली, लग्न झालं, मी शहरातच, सिडकोत राहायला गेलो. आत्या निवृत्त झाली. आणि तात्यांची नजर गेली. काचबिंदू होता, उशिरा लक्षात आला. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं धूसर झालं, मग फक्त उजेड आणि अंधार उरला. दुकान सुटलं. तरी बोटांनी कापड ओळखायचे; मी गेलो की माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरून म्हणायचे, "फसलास." जन्मभर जे आत्याचं वाचन जेवणापुरतं ऐकलं होतं ते आता त्यांचा दिवसभराचा उद्योग झालं.

सकाळी वर्तमानपत्र, दुपारी एखादी गोष्ट, मधे येईल ते सगळं. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, विजेचं बिल, समोरच्या दुकानावरची नवी पाटी. पण खरं वाचन याच्याही पलीकडं होतं. आत्या दारातून नुसतं म्हणायची, "दूधवाला आला." आतून तात्या म्हणायचे, "मग सांग त्याला, पाणी कमी घाल म्हणावं." ती म्हणायची, "सोनवणे चाललेत." तात्या म्हणायचे, "का? लंगडायलेत का?" ते लंगडत असायचे. ती काय म्हणाली यातून त्यांना फार थोडं कळायचं. कसं म्हणाली यातून सगळं दिसायचं. एकदा माझ्या बायकोनं त्यांना विचारलं, "तात्या, तुम्हाला दिवसभर कंटाळा येत असेल ना?" तात्या म्हणाले, "छे गं. ही हाय की."

आणि मग तिचा हात थरथरायला लागला.

आधी उजवा. चहाची बशी वाजायची. मग चालणं बारीक झालं. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे. गोळ्या देतो, आराम पडेल, पण पूर्ण बरा होणारा हा आजार नव्हे. हात-पायांचं आम्ही मनाशी धरून बसलो होतो. आवाजाचं कुणी सांगितलं नव्हतं. तो हळूहळू उतरला. एखाद्या रविवारी जाणवायचं की आत्या आज दमलेली आहे, पुढच्या रविवारी वाटायचं की सर्दी झाली असेल. मग एक दिवस लक्षात आलं की तो आवाज आता वरही जात नाही आणि खालीही येत नाही. चेहराही तसाच, इस्त्री केल्यासारखा. आत सगळं शाबूत होतं. डोकं चालत होतं, चिडणं-हसणं जागेवर होतं. बाहेर येताना मात्र सगळं एकाच उंचीनं यायचं.

दवाखान्यात आवाजाचे व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती, गोड होती. ती आत्याला म्हणायची, "आजी, आता हे वाक्य आनंदानं म्हणा बरं. आवाज असा वर न्यायचा." मी शेजारी बसून जमिनीकडं बघत होतो. आत्या न चिडता म्हणायचा प्रयत्न करायची. जमायचं नाही. परत येताना रिक्षात ती सपाट आवाजात म्हणाली, "पोरगी चांगली शिकवती." ते कौतुक होतं की थट्टा, की आणखी काही, मला सांगता आलं नाही. तिच्या तालमीत एवढी वर्षं काढलेल्या मला.

माझं जाऊ द्या. तात्यांचं काय झालं असेल? त्यांना तर दिसतही नव्हतं.

एका सकाळी ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "चहा सांडला." तात्या म्हणाले, "सांडू दे, परत टाक." दुपारी रझियाखाला आली. तिनं आत्याचा हात बघितला आणि "या अल्ला, कमल" म्हणत मटकन बसली. मनगटापासून बोटांपर्यंत हात भाजून फोड आले होते. सकाळपासून. आत्यानं सांगितलं होतं, तिच्या हिशेबानं अगदी कळवळून सांगितलं होतं. तात्यांपर्यंत फक्त चहा सांडल्याची बातमी पोचली होती.

संध्याकाळी मी पोचलो तेव्हा तात्या पलंगाच्या कडेवर बसलेले होते. जेवले नव्हते. आत्या आत झोपली होती. त्यांनी मला जवळ बसवलं. मी त्यांना सलग एवढी वाक्यं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"मला कळायचं रे आधी. ती नुसतं 'अहो' म्हणली तरी कळायचं. रडून आलीय का, भांडून आलीय का. आता ती इथंच बसलेली असती आन् मला वाटतं, दार लावून घेतलंय. मी विचारतो, रागावलीस का? ती म्हणती, नाय. पण ते नाय कसलं हाय, ते कळत नाय."

त्या दिवसानंतर आत्यानं वाचणं सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. वर्तमानपत्र यायचं आणि घडीतच राहायचं. तात्या मागायचे नाहीत. घर इतकं शांत झालं की भिंतीवरचं घड्याळ चालतं हे मला पहिल्यांदा कळलं.

मी रविवारी जाऊन वाचून दाखवायला लागलो. साहेबांनी केबिनमध्ये बोलावण्याइतपत माझं वाचन तयार झालेलं आहे, असा माझा समज होता. मी पाणी प्यायलो, चष्मा खाली ओढला, खिडकीला पाठ करून उभा राहिलो आणि संपूर्ण अग्रलेख आवाज वर-खाली करत वाचला. तात्या "हं" म्हणाले. पण त्यांचं ते 'हं' मी लहानपणापासून ऐकत आलेलो आहे. दुकानात गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानातलं कापड दाखवून "कसं आहे?" विचारायचं, तेव्हाचं ते 'हं' होतं.

मग मला एक शक्कल सुचली. हल्ली फोनला सांगितलं की तो बातम्या वाचून दाखवतो. मी एका रविवारी तात्यांसाठी फोन घेऊन गेलो, त्यात सगळं लावून दिलं आणि मोठ्या अभिमानानं बटण दाबलं. एका बाईचा आवाज सुरू झाला. स्वच्छ, शुद्ध, न अडखळणारा. तिनं एक अपघात वाचला, मग साड्यांच्या सेलची जाहिरात वाचली, मग कुणाच्या तरी निधनाची बातमी. सगळं एका चालीत.

आत्या खुर्चीतून ऐकत होती. "ही बाई कोण?"

"बाई नाही आत्या, मशीन आहे."

"चुकत नाय कुठं," आत्या म्हणाली. बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "माझ्यावाणीच वाचती."

मला वर बघवेना. तात्यांनी पलंगावर हात चाचपला. फोन सापडला, पण तो बंद कसा करायचा ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तो उशीखाली दाबला. उशीखालून ती बाई निधनाची बातमी सांगत राहिली.

"बंद कर ते," तात्या म्हणाले. मी केलं. "पेपर कुठाय? हिच्या हातात दे."

"मला नाय येत आता, अहो," आत्या म्हणाली.

"तू नुसतं वाच. कसं म्हणायचं ते मी बघतो."

मी वर्तमानपत्र तिच्या मांडीवर पसरलं. तिचा हात थरथरत होता म्हणून कागद खाली दाबून धरला. ती वाचायला लागली, बसूनच. "दौलताबाद घाटात बिबट्या दिसल्याची चर्चा असून नागरिकांमध्ये भीतीचे वातावरण आहे." ओळ एखाद्या पट्टीनं आखल्यासारखी सरळ.

तात्यांनी डोळे मिटले. त्यांना मिटायची काही गरज नव्हती, पण मिटले. आणि ती ओळ म्हटली. 'चर्चा' या शब्दावर आले आणि असे रेंगाळले की बिबट्या कुणी बघितलेला नाही, एखाद्या कुत्र्याला बघून कुणीतरी पळालेलं आहे, हे स्वच्छ दिसलं. त्यांचा आवाज जाड, म्हातारा, गुलमंडीवर नुसता भाव सांगून सांगून गंजलेला. पण चाल आत्याची होती. तिचा थांबा, तिचं वळण, तिचा तो जरासा संशय. कोपऱ्यात बसून जेवणाऱ्या माणसानं भाकरीबरोबर काय काय पोटात घालून ठेवलं होतं ते मला तेव्हा कळलं.

आत्या पुन्हा त्या ओळीवर वाकली. मग म्हणाली, "नागरिक घाबरलेले नायत. बातमीवाला घाबरलाय."

"व्हय का?" तात्या म्हणाले, आणि पुन्हा म्हणून दाखवलं. या वेळी भीती बातमीवाल्याची होती. मी हसलो. आत्या हसली की नाही, ते चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. पण तिनं पान उलटलं.

त्यानंतर त्यांचं हेच चाललं. ती ओळ वाचायची, ते म्हणायचे, ती दुरुस्त करायची. एका वर्तमानपत्राला दुपार व्हायची. रझियाखाला कधी येऊन बसायची आणि म्हणायची, "भाईसाब, आप तो उस्ताद हो गये," आणि तात्या लाजायचे. आत्याची मास्तरकी तेवढ्यापुरती परत आली. जन्मभर माझ्यावर झालेला मारा तात्यांवर होतोय हे बघून मला बरंच समाधान वाटायचं.

ती त्या हिवाळ्यात गेली. निमोनिया झाला, फार दिवस काढले नाहीत. दवाखान्यातली आत्या मी आठवत नाही. मला आठवतो त्याच्या आधीचा एक रविवार.

मी फाटक उघडून आत आलो आणि ओट्यावरच थांबलो. खिडकी उघडी होती. आत दोघांची गोष्ट चालली होती, रविवारच्या पुरवणीतली. भांडून सासर सोडलेली एक मुलगी अवेळी माहेरी येते, आई दार उघडते. आत्यानं वाचलं, "आई म्हणाली, आलीस?"

तात्या म्हणाले, "आलीस?" भरभरून. माहेर होतं त्यात.

"तसं नाय," आत्या म्हणाली. "तिला आत घ्यावं का परत लावून द्यावं, ते आईचं अजून ठरलं नाय."

तात्यांनी पुन्हा म्हटलं. जरा कोरडं.

"ही सासूवाणी झाली. आई हाय ती. पोरगी घर सोडून आलीय हे तिला बी दार उघडतानाच कळलंय."

बाहेर एक टेम्पो गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत तात्या थांबले. मग त्यांनी तो शब्द म्हटला, इतक्या हळू की मी ओट्यावरून खिडकीकडं झुकलो. त्या एका शब्दात दार अर्धं उघडं होतं, मागं चूल होती, नवरा झोपलेला होता, उद्या गाव काय म्हणेल ते होतं, आणि पोरीच्या हातातली पिशवीही होती.

"व्हय," आत्या म्हणाली.

तिचं ते 'व्हय' इतर सगळ्या शब्दांसारखंच होतं, सरळ, सपाट. मी कान टवकारून ऐकलं तरी मला त्यात काही सापडलं नाही. पलंगावर तात्या मात्र सावरून बसले. त्यांनी हात पुढं केला, चाचपत तिचा थरथरता हात धरला.

"एवढं खूश व्हायला काय झालं," ते म्हणाले. "वाच पुढं."